भागू सांगून गेला होता

माझी बायको सुधा गेली त्या दिवशी, रडता रडता, मला मधेच एकदा हायसं वाटलं. वाचून वाईट वाटेल तुम्हाला. पण तसं झालं खरं. एक गोष्ट तिला सांगायची राहिली होती — राहिली कसली, मीच सांगत नव्हतो — आणि आता ती कधीच सांगावी लागणार नव्हती. वडिलांना सांगितली नाही, मुलीला नाही, देवासमोर बसूनही कधी सरळ शब्दांत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या जिन्यात भेटणार नाही. एवढंच धाडस आहे माझ्यात, हे आधीच सांगून ठेवतो.

मी एकटा राहतो. वाळूजकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर. आम्ही इथं आलो तेव्हा ही सगळी ज्वारीची रानं होती. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते. पहाटे पहिल्या पाळीच्या बसगाड्या खालून जातात, त्या आवाजानं मी अजून उठून बसतो. कुठं जायचं नसतं. तरी दाढी करतो. मग दिवसभर कुणाशी बोलायचं? भाजीवाल्याशी. आणि भागूशी — मनातल्या मनात. त्याच्याशी मी इतकं बोललोय की प्रत्यक्ष बोलायला काही उरलं नसावं असं वाटतं. पण उरलंय. एकच वाक्य उरलंय.

मी मूळचा कन्नडचा. आमचं घर जोशांचं, वडील पूजा सांगायचे. मी आयटीआय करून औरंगाबादला आलो — तेव्हा शहराचं नाव तेच होतं — आणि वाळूजच्या एका कारखान्यात लागलो. आमच्याकडं मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या बनायच्या. पलीकडच्या मोठ्या कंपनीत गाड्या जोडल्या जायच्या, त्यांना आमच्या टाक्या. सपाट पत्र्याला दाबून टाकीचा आकार देणारं एक अवाढव्य यंत्र होतं. त्याला आम्ही मोठी प्रेस म्हणायचो. तिच्यात साचा बसवणारा तो सेटर. हे काम जमणारी माणसं कारखान्यात दोनच होती. एक मी. दुसरा भागू.

भागूला मीच शिकवलं. धनगराचं पोर, घाटाजवळच्या गावातलं. वडील मेंढरं राखायचे, हा दहावी करून शहरात आला. स्वतःचा विनोद पुरा व्हायच्या आधीच स्वतः हसायचा, त्यामुळं शेवट कुणालाच कळायचा नाही, आणि सगळे त्याच्या हसण्यालाच हसायचे. लग्नाआधी आम्ही रांजणगावात एका खोलीत राहिलो. लग्नानंतर शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या. मला कावीळ झाली तेव्हा रोज सायकल मारत जाऊन कुठून कुठून उसाचा रस आणायचा. मला सगळे पंडित म्हणत, तोही म्हणायचा. पण त्याच्या तोंडी ते चिडवणं नसायचं.

आता संपाचं सांगतो.

मोठ्या प्रेसखाली एका कामगाराची बोटं गेली. ठेकेदाराचा माणूस होता, नवा. भागूनं अंगातला शर्ट काढून त्याच्या हाताला गुंडाळला आणि त्याला उचलून गेटपर्यंत पळाला. कंपनी म्हणाली, हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार सापडेना. त्याची भरपाई आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना कायम करा, एवढ्यावर संप झाला. मी घोषणा देणाऱ्यांत पुढं होतो. ते खोटं नव्हतं बरं का. खरंच वाटत होतं मला.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. त्याच्या आधीचंही. रांजणगावच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या, हंड्यांच्या रांगा टँकरची वाट बघत उन्हात उभ्या असायच्या. संप लांबला तसा वाळूजचा तो भाग ओसाड होत गेला. दोन लेथ टाकून आमच्यासाठी बारीकसारीक भाग करून देणारे लोक होते, त्यांची शटरं पडली. गेटसमोरचा चहावाला टपरीला कुलूप लावून गावी निघून गेला. अर्धे कामगार आपापल्या गावाकडं रोजगार हमीवर खडी फोडायला गेले. आणि तिकडं मोठ्या कंपनीच्या आवारात, ऐकलं होतं, टाकीवाचून गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. आम्हाला त्याचा आनंद व्हायचा. म्हणायचो, आता फार दिवस नाही टिकत मालक.

एक सकाळ. सुधा पहिल्या बाळंतपणाला पैठणला माहेरी गेलेली, म्हणून पाण्याच्या रांगेत मी. भागू घाईघाईनं आला, खांद्याला पिशवी.

म्हणाला, "पंडित, मी निघालो. गावाकडून निरोप आला. म्हातारा एकलाच हाय मेंढरांपाशी, रोज एकदोन मरायलीत. घाट उतरून खानदेशात नेतो, तिकडं अजून पाणी हाय म्हणं. सलीमभाई घरी नाय. तू कमिटीला सांग बरं का, नायतर म्हणतील पळाला."

मी म्हणालो, "सांगतो. जा तू."

एवढंच झालं. तुम्ही लक्षात ठेवा हे. मी तर काही केल्या विसरू शकलो नाही.

सलीमभाई आमच्या कमिटीचे पुढारी, शहागंजात राहायचे. त्या दिवशी ते कामगार कार्यालयात गेले होते, गेटवर आलेच नाहीत. उद्या सांगू, म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वस्तीत सामसूम असताना, माझ्या खोलीच्या दारात कारखान्याचे साहेब उभे.

साहेबांनी मला धमकी दिली नाही. दिली असती तर — नाही, त्यानं काय बदललं असतं? ते माझ्या खाटेवर बसले, मी केलेला काळा चहा प्याले, भिंतीवरच्या देवाला नमस्कार केला. म्हणाले, मोठी कंपनी आता पुण्याच्या कारखान्याकडून टाक्या घेणार, मग इथं कुलूप लागेल, कायमचं. म्हणाले, पुण्याहून माणसं आणली, पण साचा बसत नाही, पत्रा फाटतो. आणि मग म्हणाले, "जोशी, ती प्रेस तुमच्याशिवाय कुणाचं ऐकतच नाही हो."

इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. सुधाचं बाळंतपण. कारखाना बंद पडला तर पाचशे घरं. पाण्याचे हाल. ती सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातल्या एकासाठीही मी गेलो नाही. मी गेलो त्या एका वाक्यासाठी. साहेबानं माझ्या खाटेवर बसून, मला अहोजाहो करून, ते म्हटलं — आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं.

संपकऱ्यांनी कारखान्यात कुणाला सोडायचं नाही असं ठरवलं होतं. अपवाद फक्त पाण्याच्या टँकरचा. का, तर टँकर आत पाणी सोडून परत जाताना गेटसमोरच्या आमच्या मंडपातली पिंपं भरून द्यायचा. माणुसकीचा व्यवहार होता तो. पुण्याची माणसं आत गेली तसाच मीही त्याच टँकरच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या पायांशी, अंगावर पोतं घेऊन आडवा पडलो. गेटवर टँकर थांबला. आमच्यातलाच कुणीतरी ड्रायव्हरला म्हणाला, "मामा, आज दोन पिंपं जास्तीची भरा, बाया आल्यात." मी त्याचा आवाज ओळखला. पोत्याला गुरांच्या पेंडीचा वास येत होता. टँकर आत गेला.

दुपारी साचा बसला. पुण्याहून आणलेली माणसं बाजूला उभी राहून बघत होती. मी प्रेस सुरू केली.

ती प्रेस चालली की आवाज नुसता कानाला येत नाही, पायांना येतो. अर्ध्या वाळूजला कळायचं, टाक्या पडायला लागल्या. बाहेर तोपर्यंत घोषणा चालू होत्या — उन्हातल्या, थकलेल्या, पण चालू होत्या. पहिला दणका बसला. दुसरा बसला. आणि घोषणा थांबल्या.

एकदम नाही थांबल्या. आधी काही आवाज गळाले. मग काही. शेवटी एकच माणूस ओरडत राहिला, आणि त्यालाही कळलं असावं की आपण एकटेच आहोत. तोही थांबला. मी आत पुढचा पत्रा सरकवला.

आयुष्यात मला एवढं एकटं कधी वाटलं नाही. आज या रिकाम्या फ्लॅटमध्येसुद्धा नाही.

काही दिवस मी आतच राहिलो. कँटीनच्या कोठीत झोपायचो. टाक्यांचा ढीग झाला तसा एक दिवस त्याच टँकरमधून बाहेर पडलो, कन्नडची एसटी धरली, वडिलांजवळ दोन रात्री काढल्या. संपकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, वडील आजारी आहेत. ते खरंच थोडे आजारी होते. परत येताना कपाळाला गंध लावलं, आईनं दिलेला प्रसाद घेतला आणि सरळ मंडपात जाऊन बसलो. प्रसाद वाटला सगळ्यांना. वाटला हो मी. प्रत्येकानं हात पुढं केला.

मंडपात भागूचं नाव आधीच झालेलं होतं. मला काही बोलावं लागलं नाही. मोठी प्रेस दोघंच लावतात, पंडित बापाच्या आजारपणात गेला, मग उरला कोण? आणि भागू तर कुणाला न सांगता गायब; बायको म्हणते मेंढरांकडं गेलाय, पण तिचं कोण खरं धरणार? मी ऐकून घेतलं. त्याच वेळी म्हणायला हवं होतं — तो सांगून गेलाय, माझ्यापाशी. पण तसं म्हटलं असतं तर बोट कुठं वळलं असतं?

संप मोडला. प्रेसच्या आवाजानं मोडला, दुसऱ्या कशानं नाही. पुन्हा संप करणार नाही, असं लिहून देऊन लोक एकेक करून आत गेले. बोटं गेलेल्या माणसाला काही मिळालं नाही. ठेकेदाराची माणसं ठेकेदाराचीच राहिली, आणि पुढं तर वाढत गेली.

मग मारुतीच्या पारावर सभा झाली. संध्याकाळची वेळ, सगळे मान खाली घालून बसलेले. नेमका त्याच वेळी भागू आला. कारखाना सुरू झाल्याचा निरोप त्याच्या बायकोनं, जिजानं, धाडला होता. एसटीतून उतरून तो तसाच आलेला. तोंड उन्हानं करपलेलं, टाचा फुटलेल्या. आम्हाला बघून लांबूनच हसला.

सलीमभाईंनी त्याला बसायला सांगितलं नाही. सरळ विचारलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "मी? आरं, मी चाळीसगावच्या पल्याड होतो मेंढरं घेऊन. पंडितला इचारा ना. मी सांगून गेलतो त्याला."

सगळी डोकी माझ्याकडं वळली. सलीमभाई म्हणाले, "देख पंडित, तेरी बात सब मानते. इने तेरे कू बोलके गया था क्या?"

मी म्हणालो, "नाही. मला काही बोलला नव्हता."

हेच ते. एवढ्यासाठी इतकं लांबण लावलं. प्रेस सुरू केली तो माझा भित्रेपणा म्हणा, मोह म्हणा — पण हे वाक्य मी शुद्धीवर असताना, त्याच्या डोळ्यांत बघून बोललो. आणि लोकांनी मानलं. का मानलं? मी कपाळाला गंध लावणारा, पूजा सांगणाऱ्याचा मुलगा. हा खोटं कशाला बोलेल? भागूच्या आणि माझ्या शब्दांत कुणाचा शब्द जड, हे मला तिथं बसल्या बसल्या माहीत होतं. त्याच्यावरच तर मी विसंबलो.

भागू चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो मला आठवण करून द्यायला लागला. "आठव की रं. पाण्याच्या रांगेत होतास तू. पितळी हंडा होता तुझ्यापाशी. मी म्हणलो कमिटीला सांग, तू म्हणलास सांगतो, जा तू. आठव ना."

"नाही आठवत," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग सलीमभाईंकडं वळून म्हणाला, "ऱ्हायलं नसंल याच्या ध्यानात. टेन्शनमधी होता बिचारा." तिथंही त्यानं माझीच बाजू घेतली. कुणीतरी त्याच्या पायांपुढं थुंकलं. मी पाराच्या कडेला उगवलेलं पिंपळाचं रोपटं बघत बसलो.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. कंपनीनं त्याला काही लिहून न घेताच परत घेतलं, आणि त्यावरूनच लोकांची खात्री पटली. बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना. कँटीनमध्ये तो ताट घेऊन आला की टेबल रिकामं व्हायचं — माझंही. मी उठायचो. सगळ्यांच्या आधी नाही, सगळ्यांच्या नंतरही नाही. मधेच कुठंतरी. साहेबांना खरं माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी बदली होऊन गेले. टँकरवाला पाऊस पडल्यावर दुसरीकडं गेला. पुण्याची माणसं तर माझं नावही विसरली असतील. रोज मला वाटायचं, आज कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही.

सुधा बाळाला घेऊन परत आली तेव्हा टँकर चालूच होते. एका सकाळी रांगेत बायकांनी जिजाचा हंडा उचलून बाजूला ठेवला. "गद्दाराच्या घरी पाणी कशाला?" मी दारात दात घासत होतो. जिजा रिकामा हंडा कमरेवर घेऊन आत गेली. सुधानं आमच्या हंड्यातलं अर्धं पाणी तिच्याकडं नेऊन ओतलं. परत येऊन मला म्हणाली, "भागूभाऊजी असं करतील, असं तुम्हाला तरी वाटतं का हो?"

मी म्हणालो, "माणसाचं काय सांगावं."

मी हे माझ्या बायकोला म्हणालो. आमची मुलगी तिच्या मांडीवर होती.

त्यानंतर भागू फार टिकला नाही. एक दिवस सामान टेम्पोत टाकून गावाकडं गेला. जाताना माझ्या दाराशी आला होता, सुधा म्हणाली. मी पाळीवर होतो. खरं सांगायचं तर पाळी संपली होती. मी मुद्दाम उशिरा घरी आलो.

मी तिथंच राहिलो. वर चढलो. वाळूज वाढत गेलं, शहर येऊन त्याला चिकटलं. मी निवृत्त झालो त्या दिवशी युनियननं माझा सत्कार केला. नव्या पोरांसमोर एका जुन्या सहकाऱ्यानं त्या संपाची गोष्ट सांगितली — एकानं कसा घात केला, आणि पंडितसारखे लोक कसे शेवटपर्यंत गेटवर राहिले. शाल घालताना त्याचे डोळे भरून आले होते. सुधा पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवत नव्हती, मांडीवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. तिला काय समजलं होतं? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

सुधा गेल्यावर, गेल्या हिवाळ्यात, मी कन्नडला गेलो आणि तिथून जीपनं भागूच्या गावी. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. जीपमध्ये वाक्य घोळवत होतो.

भागू अंगणात बसला होता. पार वाळलाय. मेंढरं आता थोडीच आहेत. मला ओळखायला त्याला वेळ लागला, आणि ओळखल्यावर इतक्या जोरात हाक मारली की जिजा बाहेर आली. मुलाला बोलावून म्हणाला, "हे पंडितकाका. मला काम शिकवलं ते यांनीच." तो मुलगा वाळूजलाच जातो, ठेकेदाराकडं. मी विचारलं, कायम करणार का? तो नुसता हसला. बापासारखं नाही हसत तो.

जिजा चहा ठेवायला आत गेली, मुलगा मेंढरांकडं. आम्ही दोघंच उरलो. भागू म्हणाला, "तू तरी आलास. कारखान्यातलं कुणी म्हणून आलं नाय रं इतक्या वर्षांत. मला लई वाटायचं, पंडित एकदा येईल." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "तू मनाला लावून घिऊ नगंस. तुझ्या ध्यानात ऱ्हायलं नाय, त्याला तू तरी काय करणार व्हतास?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं.

"यंदा चारा कसा आहे?" मी विचारलं.

तो चाऱ्याचं सांगायला लागला. ओढ्याकाठी अजून गवत आहे, ज्वारीचा कडबा महाग झालाय, घाटाखाली जायची आता कुणाची हिंमत होत नाही. सगळं नीट समजावून सांगितलं त्यानं. मी मान डोलवत ऐकलं. चहा झाला. जीपची वेळ झाली. तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि जीप वळेपर्यंत उभा होता.

भागू त्या सकाळी पाण्याच्या रांगेत माझ्याजवळ आला होता. त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. मी विसरलो नव्हतो. एक दिवसही विसरलो नाही. मोठी प्रेस मी चालवली.

तो अजून आहे. कन्नडहून त्याच्या गावाला दिवसभर जिपा जातात. मी हे इथं बसून लिहिलं, तुम्हाला. त्याला नाही.